पाण्याच्या ग्याराडोसचा हायपर बीम ऑनिक्सवर कमी का लागतो?

तुम्ही विचारले आहे की, पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये ग्याराडोस हा पोकेमॉन पाणी टाईपचा (म्हणजे गटाचा) आणि समोरचा ऑनिक्स दगडाचा असूनही हायपर बीम ही मूव्ह (म्हणजे वार) मारल्यावर 'नॉट व्हेरी इफेक्टिव्ह' (फारसा परिणाम नाही) असे का दिसते, आणि टाईपमुळे डॅमेज नेमका किती बदलतो. परिणाम मारणाऱ्याच्या टाईपवरून ठरत नाही, मारलेल्या मूव्हच्या टाईपवरून ठरतो. ग्याराडोस पाण्याचा असला तरी हायपर बीम ही नॉर्मल टाईपची मूव्ह आहे, आणि नॉर्मल टाईपचा वार दगडावर निम्माच लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला होता, तेव्हा हा खेळ त्याच्या शेजारी बसून मीही समजून घेतला. एका दुपारी त्याच्या पिकाचूने डिगलेटवर विजेचा वार केला आणि काहीच परिणाम झाला नाही. तो रडवेला होऊन म्हणाला, "मामा, एवढा मोठा करंट मारला, मंग कामून नाही लागला?" मी त्याला विहिरीवर नेले आणि मोटारीच्या स्टार्टरपासून खाली जाणारी अर्थिंगची तार दाखवली. ती जिथे पुरली आहे तो खड्डा आम्ही मीठ आणि कोळसा घालून बुजवलेला आहे. जमिनीत गेलेली वीज जिरून जाते, आणि डिगलेट तर जमिनीचाच पोकेमॉन आहे, हे त्याला तिथे उभ्याउभ्या पटले. घरी येऊन त्याने वहीत पट्टीने आखलेल्या तक्त्यात 'वीज' आणि 'जमीन' यांच्या चौकटीत मोठा 0 काढला.

कोणत्या टाईपचा वार कोणत्या टाईपवर किती पट लागतो हे सांगणाऱ्या या तक्त्यात चारच किमती असतात: 2, 1, अर्धा आणि 0. शेतात वावरणाऱ्या माणसाला त्यातल्या बऱ्याच जोड्या पाठ करण्याची गरज पडत नाही. कीटक, विष, बर्फ आणि आग हे चारही गवतावर दुप्पट लागतात, आणि ज्याने पऱ्हाटीवरची बोंडअळी, तणनाशकाने वाळलेला धुरा आणि गारपिटीनंतरचा हरभरा पाहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. काही जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात. उदाहरणार्थ, ड्रॅगनचा वार परीवर मुळीच लागत नाही.

इंटरनेटवरून तक्ता उतरवताना तो कोणत्या काळातला आहे हे जरूर पाहा. 1996 मध्ये जपानमध्ये पहिले गेम आले तेव्हा 15 टाईप होते, 1999 मध्ये डार्क आणि स्टील आले, आणि 2013 मध्ये परी आल्यावर ते 18 झाले. त्याच 2013 च्या बदलात स्टीलची भूत आणि डार्क यांच्यापासूनची अर्धी सूट काढून घेण्यात आली, त्यामुळे जुना तक्ता तिथे चुकवतो. फोनवरच्या पोकेमॉन गोचे गुणकही वेगळे आहेत: तिथे दुप्पटीऐवजी 1.6 पट होते आणि शून्य असे काही नसते.

आता तुमच्या ग्याराडोसचा हिशोब करू. मूळ सूत्र असे आहे: लेव्हलला 2 ने गुणून 5 ने भागायचे आणि त्यात 2 मिळवायचे, आलेल्या संख्येला मूव्हच्या पॉवरने आणि मारणाऱ्याच्या अटॅकने गुणायचे, समोरच्याच्या डिफेन्सने भागायचे, मग 50 ने भागून पुन्हा 2 मिळवायचे. त्यानंतर प्रत्येक वेळी 85 ते 100 टक्क्यांमधला एक आकडा नशिबाने पडतो, आणि शेवटी टाईपचे गुणाकार होतात. हायपर बीम ही स्पेशल मूव्ह आहे, म्हणून अटॅक आणि डिफेन्सच्या जागी स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स घ्यायचे. दोघेही लेव्हल 50 चे, ग्याराडोसचा स्पेशल अटॅक 80 आणि ऑनिक्सचा स्पेशल डिफेन्स 65 धरला, तर 150 पॉवरचा हायपर बीम 70 ते 83 पर्यंत येतो, आणि दगडाने निम्मा केल्यावर 35 ते 41 उरतो. अशा ऑनिक्सचा एचपी (जीव) 110 च्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश कमी झाला, आणि वर पुढची पाळी विश्रांतीत वाया गेली.

त्याच ग्याराडोसने 90 पॉवरचा सर्फ, हीही स्पेशल मूव्ह, मारला असता तर काय झाले असते ते पाहा. सूत्राने 42 ते 50 येतात. सर्फ पाण्याची मूव्ह आणि ग्याराडोसही पाण्याचा, म्हणून त्याला दीडपट मिळते, ज्याला खेळणारे 'स्टॅब' म्हणतात. मारणाऱ्याचा स्वतःचा टाईप खरा उपयोगी पडतो तो इथे. ऑनिक्स दगड आणि जमीन अशा दोन टाईपचा आहे, पाणी दोन्हींवर दुप्पट लागते, आणि दोन दुप्पटींची बेरीज नव्हे तर गुणाकार होऊन 4 पट होते. एकूण डॅमेज 252 ते 300 होतो. पॉवर कितीतरी कमी असलेली मूव्ह सातपट लागते, आणि मला या खेळात सर्वांत सुंदर वाटते ते हेच. हाच गुणाकार उलटाही फिरतो: ग्याराडोस पाणी आणि उडणारा असा दुहेरी असल्यामुळे वीज त्याच्यावर 4 पट लागते, पण गवताची दुप्पट आणि अर्धी एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते साधी 1 पट.

टाईप बरोबर जुळवूनही कधी कधी वार अपेक्षेपेक्षा कमी लागतो, त्याचे कारण बहुधा अटॅक आणि डिफेन्सच्या जोडीत असते. ग्याराडोसचा साधा अटॅक त्याच्या स्पेशल अटॅकपेक्षा खूप मोठा आहे, म्हणून 80 पॉवरचा वॉटरफॉल जास्त लागेल असे कोणालाही वाटेल. पण वॉटरफॉल साध्या डिफेन्सवर जातो, आणि ऑनिक्सची सगळी ताकद तिथेच आहे. अटॅक 145 आणि डिफेन्स 180 धरून 148 ते 180 डॅमेज निघतो, तोही पुरेसा आहे, पण सर्फपेक्षा बराच कमी. इतर बहुतेकांविरुद्ध मात्र मी ग्याराडोसला वॉटरफॉलच देईन.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. ऑनिक्सकडे स्टर्डी ही ॲबिलिटी (अंगचा गुण) असू शकते, आणि एचपी पूर्ण असताना ती त्याला एका वारात पडू देत नाही. सर्फ मारूनही त्याचा 1 एचपी शिल्लक दिसला, तर टाईपच्या हिशोबात चूक शोधत बसू नका. पुढच्या पाळीत अगदी लहान वारही त्याला पुरेल.