जुन्या गाडीच्या स्टिरिओला ब्लूटूथ जोडायचा अडॅप्टर घरी होईल का?

तुमच्या गाडीच्या स्टिरिओला मागे आरसीए ऑक्स इनपुट (बाहेरचा आवाज आत घेणारी गोल खाच) असेल तर नक्की होईल. ५ व्होल्टच्या ब्लूटूथ मॉड्यूलला (फोनचा आवाज पकडणाऱ्या छोट्या सर्किटला) गाडीचे १२ व्होल्ट थेट दिलेत तर ते जळेल. मध्ये व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर घाला, मॉड्यूल जोडण्याआधी मल्टिमीटरवर ५ व्होल्ट बघून घ्या. पुरवठा चावीबरोबर चालू होणाऱ्या वायरवरून, १ अँपिअरचा फ्यूज लावून घ्या. कायम चालू वायरवरून घेतलात तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्यामुळे आवाजात शिरणारा गोंगाट. आरसीए वायरवर ती जोडणी तोडणारा आयसोलेटर बसवा. आणि कृपा करून वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका, रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. प्रत्येक जोड सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा.