पाईनचं पुस्तकांचं कपाट टिकेल का?

पुस्तकांचं कपाट पाईनचं, म्हणजे सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं, करावं का असं तुम्ही विचारलंत. तुमचे सुतार म्हणतात, "पाईन म्हणजे खोक्याचं लाकूड, सागच घ्या." पुस्तकांच्या कपाटासाठी मला ते पटत नाही. घरात, कोरड्या भिंतीशी उभं राहणारं कपाट पाईनचं उत्तम होतं. मी ते आवडीने वापरतो.

आपल्या वखारींत मिळणारं बरंचसं पाईन न्यूझीलंडसारख्या देशांतून येतं. तिथे लागवडीची झाडं साधारण २५ ते ३० वर्षांत तोडतात. भरभर वाढल्यामुळे ते सागापेक्षा हलकं आणि मऊ असतं. करवत, रंधा सहज चालतो, पण नखानेही खूण उमटते. म्हणून रोजच्या जेवणाच्या टेबलासाठी मी ते सुचवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड वाळलेलं हवं. भट्टीत वाळवलेलंच मागा. ओलसर फळी हाताला गार आणि जड लागते, आणि घरी आल्यावर पिळते. निळसर-करडे डाग दिसले तर ते लाकूड ओलं पडून राहिलं होतं असं समजा. ताकद फारशी जात नाही, पण पॉलिशखाली डाग दिसत राहतात. फळ्या आणल्यावर आठवडा-दोन आठवडे घरातच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा आणि मगच कापा.

पाऊण इंची फळी दोन-अडीच फुटांहून जास्त लांब मोकळी ठेवू नका, पुस्तकांच्या वजनाने ती हळूहळू झोळ धरते. उभ्या बाजूंना खोबणी पाडून फळ्या त्यांत बसवा. फळीच्या टोकातून रेषांच्या दिशेने घातलेला स्क्रू नीट धरत नाही. कडेजवळ स्क्रू मारायचा तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी चिरते.

गाठींतून राळ झिरपते. वर नुसता रंग दिला तर काही महिन्यांनी तिथे पिवळे डाग उमटतात, त्यामुळे आधी गाठींवर चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे, म्हणजे शेलॅकचे) दोन हात द्या. गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) हवा असेल तर सगळ्या लाकडावर आधी चपड्याचा अगदी पातळ हात मारा. तसं न केल्यास रंग कुठे जास्त, कुठे कमी शोषला जाऊन चट्टे पडतात.

वाळवीपुढे मात्र पाईन टिकत नाही. मागची बाजू आणि तळ यांना बोरॉनचं द्रावण पाजा आणि कपाट जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर सुतारांचं ऐका आणि सागच घ्या.