पुतळा कोणाचा, हात कोणाचे?

प्रश्न : मुंबईच्या टाउन हॉलमधील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा संगमरवरी पुतळा इंग्रज शिल्पकार फ्रान्सिस चँट्री यांच्या नावावर आहे. तो त्यांनी स्वतःच कोरला असेल का?

उत्तर : शिल्पकाराने एकट्याने छिन्नी चालवली, हे चित्र त्या काळाला लागू पडत नाही. चँट्री (1781–1841) यांची लंडनमधील कार्यशाळा हा एक मोठा कारखानाच होता आणि 1814पासून तेथील कामाची देखरेख कवी ॲलन कनिंगहॅम करीत. व्यक्तिशिल्पासाठी चँट्री समोर बसलेल्या व्यक्तीची रेखाचित्रे कॅमेरा ल्युसिडा या, समोरची आकृती कागदावर पडल्यासारखी दाखवणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने काढीत, मग मातीत चेहरा घडे, त्यावरून प्लास्टरची प्रत ओतली जाई आणि त्या प्रतीवरील असंख्य बिंदूंची खोली यंत्राने मोजून, तितकेच छिद्र दगडात पाडून, कारागीर संगमरवर उतरवत नेत. जेम्स हेफर्नन या आयरिश सहायकाने तेथील बहुतेक अर्धपुतळे दगडात कोरले. त्यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पैशाचे गणितही यातूनच उलगडते. दगड महाग, कोरीव काम महिनोन्‌महिने चालणारे. पण एकदा प्लास्टरची प्रत हाती असली की त्याच चेहऱ्याच्या आणखी संगमरवरी प्रती नव्याने माती न मळता विकता येत. चँट्री यांनी मागे सुमारे 1,50,000 पौंडांची संपत्ती ठेवली. ब्रिटिश कलाकृतींच्या खरेदीसाठीचा ‘चँट्री बिक्वेस्ट’ हा निधी त्यातूनच उभा राहिला.