तळ्यातलं पाणगवत मासे खातील का?

प्रश्न : दादा नमस्कार. माढा तालुक्यात आमचं १० गुंठ्याचं मातीचं तळं आहे. मागच्या पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले. आता तळाशी सगळं हायड्रिला माजलंय, जाळं ओढलं की मासे कमी आणि गवतच जास्त येतं. एक जण म्हणतो तणनाशक मारून मोकळा हो, दुसरा म्हणतो राहू दे, मासेच खातील आणि खाद्याचा खर्च वाचेल. कुणाचं ऐकू?

उत्तर : नमस्कार. तणनाशक नका मारू, हे आधी सांगतो. गवत एकदम मेलं की ते तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात आणि दोन दिवसात तळं हातचं जातं.

दुसऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मासे खातील, पण तुमच्याकडचे नाही. कटला वरच्या थरातलं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातो, मृगळ तळाशी कुजलेलं, रोहू मधल्या थरात थोडंफार कोवळं, सडकं टिपतो. उभं हायड्रिला फस्त करणारा मासा म्हणजे गवत्या, ग्रास कार्प. हा मूळ चीनकडचा, १९५९ साली हाँगकाँगहून कटकला आणला. त्याला जठरच नाही, घशातल्या दातांनी पानं कुस्करतो आणि जवळपास निम्मं तसंच बाहेर टाकतो, आणि खरी गंमत तिथंच आहे कारण त्या विष्ठेनं पाण्यात प्लवंग वाढतं, ते कटला आणि चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) खातात, खाली पडलेलं मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) खातात. म्हणजे गवत एकाला घातलं तरी जेवतात सगळे. मिश्र मत्स्यशेतीत गवत्या ठेवतात तो यासाठीच.

आता हिशोब बघा, कारण ‘फुकटचं खाद्य’ ऐकून लोक इथंच फसतात. पाणगवतात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळं गवत्याचं वजन १ किलो वाढायला साधारण ४० ते ५० किलो ओलं गवत लागतं. तुमच्या १० गुंठ्यात सगळे मिळून ५०० मासे धरले आणि त्यात गवत्या १० टक्के म्हणजे ५०, आणि प्रत्येक वर्षभरात किलोभर वाढला, तर दोन-अडीच टन गवत लागेल. रोजचं सरासरी साडेपाच ते सात किलो, सुरुवातीला कमी, मासा मोठा झाला की जास्त. आज तुमचं तळं भरलेलं दिसतंय पण एकदा मासे मोठे झाले की ते झपाट्यानं साफ होतं आणि मग बाहेरून चारा आणावा लागतो. कोवळं नेपियर बारीक कापून, लसूणघास, कोबीची पानं, केळीची पानं चालतात. तोही हिशोब आधीच करून ठेवा.

आत्ता काय करायचं, तर दाताळं लावून गवत अर्धं उपसा, तेही तीन-चार टप्प्यात, आणि मग बोटभर लांबीपेक्षा मोठं, १०-१२ सेंमीचं गवत्याचं बीज (पिल्लं) सोडा. अगदी लहान पिल्लू गवत खात नाही, ते प्लवंगावरच असतं. सांडव्याला जाळी नक्की लावा, हा मासा उड्या मारतो, आणि आपल्या नदी-ओढ्यांत तो जाऊ नये. तळ्यात तो अंडी घालत नाही, वाहतं पाणी लागतं, म्हणून बीज दर खेपेला विकतच घ्यावं लागेल.

प्रश्न : आमच्याजवळच्या नदीत जलपर्णी भरपूर आहे, ती फुकट मिळते. गवत्याला घातली तर?

उत्तर : ताई, नको. पाण्याचं प्रमाण प्रचंड, तंतू जास्त, आणि दुसरं काही मिळत असेल तर गवत्या तिला तोंड लावत नाही. न खाल्लेली तुमच्याच तळ्यात फुटवे काढेल आणि पाणी झाकून टाकेल. त्यात शहराचं सांडपाणी येतं त्या नदीतली जलपर्णी जड धातू शोषून घेते, इंद्रायणी किंवा पंचगंगेची अवस्था आपण बघतोच आहोत, ती माशातून ताटात कशाला आणायची? कंपोस्टलासुद्धा नदीचं पाणी बघूनच घ्या.

प्रश्न : प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गवत उगवतच नाही. मग गवत्याला काय घालू?

उत्तर : शेजारी खड्डा करून त्यात ॲझोला किंवा डकवीड, या पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक वनस्पती, लावा. ॲझोला हवेतला नत्र घेतो, शेण आणि थोडं सुपर फॉस्फेट दिलं की काही दिवसात दुप्पट होतो, फक्त एप्रिल-मे च्या उन्हात वर शेडनेट पाहिजेच नाहीतर करपतो. तळ्यात बांबूची चौकट तरंगती बांधून त्यातच टाका, म्हणजे पसरत नाही आणि संध्याकाळी किती उरलं ते लगेच कळतं. उरलं तर काढून टाका आणि उद्या तेवढं कमी घाला. पण नुसत्या ॲझोल्यावर बाकीचे मासे वाढणार नाहीत, भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड सोबत चालूच ठेवा.