माळ्यावरचा डबा आधी खाली काढ

*मावशी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, वय ४७. बाबा नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मी केलं. धाकटा भाऊ तेव्हा बंगळुरूला. आता नोकरी सोडून, पीएफ मोडून तो बाबांवर सिनेमा काढतोय. आमचं नौपाड्यातलं जुनं घर रीडेव्हलपमेंटला जाण्याआधी शूटिंगही तिथेच उरकलं. गेल्या महिन्यात रफ कट (सिनेमाची पहिली कच्ची जोडणी) दाखवला. त्यात बाबांच्या उशाशी मुलगा बसलाय. मुलगी नाहीच! आई रडली आणि वर म्हणाली, छान झालाय. पेटी कुणा तरुण पोरानं वाजवलीये, त्यात बाबांचा हात अजिबात नाही. (बाबा गेल्यावर घर रिकामं करताना त्यांच्या घरगुती बैठकींच्या बावीसेक कॅसेट मी उचलून आणल्या, त्या एका डब्यात माळ्यावर आहेत. लहानपणी रेकॉर्डिंगची बटणं मीच दाबायचे. भावाला वाटतं, त्या रद्दीत गेल्या.) आता वारस म्हणून त्याला माझी संमतीची सही हवी आहे. देऊ, की नाही म्हणून त्याला एकदाची अद्दल घडवू?*
*— सिनेमात नसलेली मुलगी*

मावशी म्हणालीस, तेव्हा सरळ अगं-तुगंवरच येते. तुझं मूळ पत्र चांगलं लांबलचक आहे. वर मी त्याचा अर्क तेवढा दिलाय. सगळं पत्र भावाच्या नावानं आणि कॅसेटचा विषय तेवढा कंसात. माझं उत्तर त्या कंसाला आहे.

भावाला वाटतं, कॅसेट रद्दीत गेल्या. त्याला असं का वाटावं? कधीतरी त्यानं विचारलं असणार आणि तू 'काय माहीत बाबा, आवराआवरीत गेल्या असतील' असं काहीतरी म्हणाली असणार. किंवा नुसतीच गप्प बसली असशील. मग त्या बिचाऱ्यानं एक पेटीवाला पोरगा शोधला, त्याला स्टुडिओत बसवलं, आणि आता तूच म्हणतेस की त्यात बाबांचा हात नाही. कसा असेल? तो हात तुझ्या माळ्यावर आहे.

साथीदाराचं वाजवणं कशात असतं, ते तुला मी सांगायला नको. गाणारा पुढे जातो, पेटी त्याच्या किंचित मागून येते. तो श्वास घेतो तेवढ्या फटीत ती सूर धरून ठेवते. तो चुकला तर असं काही झाकून घेते की समोरच्याला पत्ता लागत नाही. हे नोटेशनमध्ये उतरत नाही. शेजारी बसून किंवा ऐकूनच कळतं. आणि ऐकायला ठेवलंय कुणी? पेटीला आकाशवाणीनं १९४० साली बंदी केली, ती १९७१ मध्ये अंशतः उठली. त्यानंतरही साथीदाराचं वाजवणं म्हणून वेगळं जपून ठेवावं, असं फारसं कुणाला सुचलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत नाव यायचं ते शेवटच्या ओळीत, कधी कधी तेही चुकीचं. तुझ्या बाबांसारख्यांचं जे काही उरलंय, ते असल्या घरगुती कॅसेटांत. नव्वद आणि साठ मिनिटांच्या मिळून बावीस म्हणजे पंचवीस-तीस तास तरी होतील. दीड-दोन तासांच्या सिनेमावरून भांडताना तू एवढं सगळं दडवून बसली आहेस.

बरं, दडवलंस कुठे? नव्या टॉवरांतला माळा म्हणजे बहुतेक ड्राय बाल्कनीच्या डोक्यावर. शेजारी वॉशिंग मशीन, त्यात घोडबंदरचा पाऊस आणि खाडीकडची दमट हवा. तीन पावसाळे झाले. कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, फीत आतल्या आत चिकटते. फितीला दाबून धरणारी फेल्टची गादी असते ना, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही, ती सुटून पडली की आवाज गढूळ येतो. यातलं काहीही तुमच्या सहीसाठी थांबत नाही.

तू सेवा केलीस. औषधं, जागरणं, कूस बदलणं, डायपर, सगळं. ते दुसऱ्या कुणी केलं नाही, हे मान्य. पण सेवेच्या मोबदल्यात बाप एकट्याच्या नावावर होत नाही. कॅसेट तू आठवण म्हणून आणल्या असत्यास तर एखादी तरी लावली असतीस. एकही लावली नाहीस. म्हणजे त्याला मिळू नयेत, एवढ्यासाठीच त्या तिथे आहेत, असं मी म्हणते. राग आला तर येऊ दे.

दुसरंही एक कारण दिसतं मला, आणि ते लिहिताना माझा आवाज आपोआप खाली येतो. अख्ख्या पत्रात तुझे बाबा फक्त अंथरुणावर आहेत. ओळख करून देण्यापुरती एक ओळ सोडली, तर एकदाही पेटीपाशी नाहीत. तिकडे भावाच्या सिनेमात (तूच वर्णन केलंयस) ते मासुंदा तलावात पोरांना बोटीत फिरवतायत, गडकरी रंगायतनच्या विंगेत चहा पितायत, गणपतीत पहाटेपर्यंत वाजवतायत. तुला ते खोटं, गुळगुळीत वाटलं. थोडं असेलही, अशा सिनेमांना पितळी डबे आणि पिवळा उजेड जरा जास्तच आवडतो. पण तो माणूस खराच तसाही होता ना? कॅसेटमध्ये तोच आहे. चाळिशीतला, ठणठणीत, भात्यावर हात. त्याला ऐकलं तर ते दीड वर्ष आणखी जड होईल, अशी भीती तुला वाटत असेल तर ती खरी आहे. तरीही ऐक.

शिवाय त्या कॅसेटांत तू आहेस. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबावी लागायची, पोरांच्या बोटांत तेवढा जोर नसायचा. पहिल्याच सेकंदाला खट्ट होतं ना, ते तू केलेलं. मागून बाबा 'झालं का गं सुरू?' म्हणत असतील, शेजारची कुकरची शिट्टी असेल, कुणीतरी 'हळू बोला' म्हणत असेल. सिनेमात मुलगी नाही म्हणून रडतेस आणि जिथे ती आहे, तो डबा बंद करून ठेवतेस!

भावाचं थोडक्यात सांगते. उशाशी तो नव्हता, म्हणून त्यानं पडद्यावर स्वतःला तिथे बसवलंय. खोटं आहे ते. त्यानं मला पत्र लिहिलं असतं तर त्यालाही सोडलं नसतं. पण लिहिलंयस तू.

तेव्हा या शनिवारी डबा खाली काढ. एकही कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नकोस. तीन वर्षं नुसती ठेवलीस, आता उत्साहाच्या भरात लावायला जाशील आणि फीत गुंतवून बसशील. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी काढ, नाहीतर टेपरेकॉर्डरच्या हेडवरून बाकीच्यांना लागेल. प्रत्येकीच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्या मोडून टाक, म्हणजे चुकूनही वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग भावाला फोन कर आणि सांग, 'कॅसेट माझ्याकडे आहेत, घेऊन जा.' पुढे 'पण' लावायचं नाही. तो ओरडेल. ऐकून घे, त्याचा हक्क आहे. त्याच्या सिनेमाला साउंडवाला माणूस असेलच, तो हे काम तुझ्या-माझ्यापेक्षा नीट करेल. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) करायला सांग. एक प्रत तुझी, एक आईची. ऐकायला तिघं एकत्र बसा.

आता सही. ती त्यानंतर, आधी नाही. कॅसेटांतला काही भाग सिनेमात घ्यायचा झाला तर फक्त तुमच्या तिघांच्या संमतीनं भागणारही नाही. पेटी बाबांची असली तरी गळा दुसऱ्याचा आहे आणि कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आपल्या कायद्यात ५० वर्षं टिकतो. त्या गाणाऱ्यांच्या घरी जाऊन विचारावं लागेल. त्यांतली अर्धीअधिक घरं तुला ठाऊक असतील, बाबांबरोबर तूच जायचीस. भावासोबत तू जा. मुलगी सिनेमात का नाही, हे त्याला तिथे जाता-येता रिक्षात विचार. चांगलं खडसावून विचार. तोपर्यंत एडिट लॉक, म्हणजे सिनेमाची जोडणी कायमची पक्की, करू नको, असं मात्र पहिल्याच फोनवर सांगून ठेव, कारण या लोकांना फेस्टिव्हलच्या तारखांची फार घाई असते.