रेडिएटरमधली हवा काढली तर बॉयलरचं प्रेशरच पडलं. माझं काही चुकलं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंग्लंडमध्ये भाड्याच्या दुमजली घरात नुकतेच राहायला आलात. वरच्या खोलीतला रेडिएटर (बॉयलरच्या गरम पाण्यानं खोली तापवणारं भिंतीवरचं पॅनेल) खाली गरम, वर गार. रात्री पाइपात गुडगुड. चावी लावून हवा काढलीत तर बॉयलरच्या प्रेशरचा काटा ०.५ बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आला आणि बॉयलर बंद पडला. आता पाणी भरून काटा २ वर ठेवू का, म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत नीट चढेल?

चूक काही नाही, फक्त काम अर्धं झालंय. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरनं हवा धरली की पाणी चढत नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे तेच तेच पाणी बंद पाइपात फिरत असतं. हवा बाहेर काढली की प्रेशर उतरणारच. तेवढं पाणी आपण भरायचं असतं.

बॉयलरच्या खाली जाळीदार आवरणाची एक छोटी नळी बघा, दोन्ही टोकांना कॉक असतात. तिला फिलिंग लूप म्हणतात. (काही बॉयलरना ती आतच असते, तिथे नुसता खटका.) सिस्टिम गार असताना कॉक हळूहळू उघडा, काटा १ ते १.५ च्या मध्ये आला की दोन्ही घट्ट बंद. २ ची गरज नाही. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाणी, तुमचा वरचा मजला त्याच्या निम्म्यावरही नसेल.

पुढच्या वेळी हवा काढताना हीटिंग आधी बंद करून गार होऊ द्या. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. चावी पाव फेरी उलटी, फुस्स आवाज येईल, पाणी आलं की लगेच बंद. खाली जुनं फडकं धराच. ते पाणी काळंकुट्ट असतं आणि मी पहिल्या वर्षी उत्साहात स्क्रू जरा जास्तच फिरवला होता. गालिच्यावरचा तो डाग घर सोडेपर्यंत सोबत होता.

एवढ्यानं भागलं तर उत्तम. पण आठवड्याभरात काटा परत खाली आला तर नुसतं भरत बसू नका. मी तेच केलं. दर रविवारी चहा ठेवायचा, लूप उघडायचा, काटा १.५ वर आणायचा. अख्खा हिवाळा. फेब्रुवारीत कचरा टाकायला मागे गेलो तर भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या नळीखाली विटांवर हिरवट ओघळ! त्या नळीला प्लास्टिकची पिशवी बांधली, सकाळी तीत पेलाभर पाणी.

झालं होतं असं. बॉयलरला एक एक्स्पान्शन व्हेसल असतं. डब्यात मधोमध रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ८० वर गेलं की पावणेतीन लिटरच्या आसपास वाढतं. ते जादाचं पाणी ही हवा दाबून स्वतःसाठी जागा करतं. माझ्या डब्यातली हवा गेली होती. मग तापल्यावर काटा थेट ३ ला भिडायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी त्या नळीतून बाहेर, आणि सकाळी गार झाल्यावर काटा शून्याजवळ. मी रविवारी भरायचो, बॉयलर सोमवारी सांडायचा.

तेव्हा काटा दोन वेळा बघा. गार असताना १.२ आणि तापल्यावर १.८ च्या आसपास, तर ठीक. तापल्यावर ३ कडे धावतो, तर व्हेसल. आणि तापल्यावर फार चढत नाही पण रोज थोडा उतरतो, तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवा, ओलं लगेच कळतं.

सारखं नवं पाणी भरल्यानं त्यातला ऑक्सिजन आत जातो, लोखंड गंजतं, गाळ साचतो आणि मग रेडिएटर उलटा वागतो: वर गरम, खाली गार. तो हवा काढून सुधारत नाही. दर पंधरवड्याला ‘हवा’ निघत असेल तर ती हवा नसून गंजताना सुटलेला हायड्रोजनही असू शकतो, त्यामुळे जवळ काडी-मेणबत्ती नको.

बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका. ते काम गॅस सेफ रजिस्टरवरच्या (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची इथली अधिकृत यादी) माणसाचं. माझ्याकडे आलेल्यानं साध्या पायपंपानं व्हेसलमध्ये हवा भरली आणि झिजलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, तासाभरात काम. तुम्ही भाडेकरू असल्यानं हीटिंगच्या दुरुस्तीची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, खर्चही त्याचाच. सकाळी गार असताना काट्याचा एक फोटो काढा, रात्री तापल्यावर दुसरा, आणि दोन्ही आजच त्याला पाठवा.