तटबंदीतले ग्लुर्न्स

प्रश्न : आल्प्समधील ग्लुर्न्स या चिमुकल्या गावाला एवढी भक्कम तटबंदी कशासाठी?

उत्तर : इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये, आदिजे नदीच्या वरच्या खोऱ्यात, सुमारे ९०० मीटर उंचीवर ग्लुर्न्स वसले आहे. रेशेन खिंडीकडून येणारी वाट आणि स्वित्झर्लंडच्या म्युस्टायर खोऱ्याची वाट इथे जवळ येतात. व्यापाराची भरभराट त्यामुळेच झाली आणि दुर्दैवाने युद्धही त्याच वाटेने आले. १४९९ मध्ये जवळच्या काल्वेन येथे ग्राउब्युन्डेनच्या (आजच्या स्वित्झर्लंडमधल्या प्रदेशाच्या) फौजेने ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याच्या पक्षाचा पराभव करून गाव जाळले, म्हणून सोळाव्या शतकात हा तट उभारला गेला. त्याच्या तीन वेशींना माल्स, श्लुडर्न्स आणि टाउफर्स या शेजारगावांची नावे आहेत, हे मला फार लोभस वाटते. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, तरी घराघरांत आजही मुख्यत्वे जर्मनच बोलली जाते.